इंजिनाचा सोडा

झुंबरतात्या फडतरे यांचा आयुष्यात एकदाही सत्कार झाला नव्हता.

ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या तालुक्यात खपून गेली असती. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात ती खपणं अवघड. इथं माणसानं नवा ट्रॅक्टर घेतला तर माणसाचा, ट्रॅक्टरचा आणि शोरूमच्या मॅनेजरचा असे तीन सत्कार होतात. दहावीला दुसऱ्या खेपेला पास झालेल्या पोराचा 'जिद्दीबद्दल' होतो, आणि तिसऱ्या खेपेलाही नापास झालेल्याचा तो पुढं युवक अध्यक्ष झाल्यावर होतो. तात्यांच्या घरच्या म्हशीचासुद्धा झाला होता. दूध स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला तेव्हा डेअरीनं तिला टिळा लावून हार घातला. हार तिनं स्टेजसमोरच खाल्ला, तरी कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

"म्हशीचा झाला," तात्यांच्या पत्नी फुलाबाई अधूनमधून म्हणायच्या, "तुमचा काय हुईना."

दोष तात्यांचा नव्हता, त्यांच्या कामाचा होता. तात्या एका साखर कारखान्यात बॉयलरच्या पाण्याच्या खात्यात होते. कारखान्याचं नाव इथं सांगत नाही, कारण कारखान्यानंही तात्यांचं नाव कधी कुठं सांगितलं नाही. बॉयलरमध्ये जाणारं पाणी तपासायचं, त्याला लागेल ते औषध घालायचं, आणि पुन्हा तपासायचं, हे काम. ते चुकलं तर अख्ख्या कारखान्याला कळतं. बरोबर झालं तर कुणालाच काही कळत नाही. तात्यांचं जन्मभर बरोबर झालं. निवृत्तीच्या समारंभात त्यांची पाळी येईपर्यंत नारळ संपले. "तात्या, तुम्ही काय, घरचेच," असं म्हणून साहेब पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. आपल्याकडं ज्याला घरचा म्हणतात त्याला ताट शेवटी मिळतं आणि नारळ मिळतच नाही.

तर असे हे तात्या पणदऱ्याला आपल्या घराच्या ओसरीवर बसून शेंगा फोडत होते, तेव्हा गोकुळराव आले.

गोकुळरावांचं इंदापूर रोडला कृषी पर्यटन केंद्र. आधी तिथं डाळिंबाची बाग होती. डाळिंबावर रोग आला, आणि गोकुळरावांच्या लक्षात आलं की डाळिंबापेक्षा पुण्याची माणसं बरी, त्यांच्यावर फवारणी लागत नाही. ती रविवारी येतात, चुलीच्या धुरानं डोळे चोळतात, आणि डोळे चोळतानाचे फोटो काढतात. बैलगाडीची फेरी झाली, हुरडा झाला, आता नवीन काय, म्हणून गोकुळरावांनी भंगाराच्या लिलावात वाफेवरचं एक छोटं इंजिन उचललं होतं. कुठल्याशा कारखान्यात ते एके काळी उसाच्या ट्रॉल्या ओढायचं आणि पुढं बागेत शोभेला उभं राहून कावळे सांभाळायचं. ते दुरुस्त झालं, बॉयलर तपासणाऱ्या साहेबांचा दाखला मिळाला, उसाच्या कडेनं रूळ पडले. इंजिनाच्या कपाळावर नाव लिहिलं 'म्हाळसा एक्स्प्रेस'. म्हाळसा हे गोकुळरावांच्या मंडळींचं नाव.

"काळंकुट्ट धूड, धूर सोडतंय, वराडतंय, अन् नाव माझं?" म्हाळसाबाई त्यावरून तीन वेळा माहेरी जाऊन आल्या होत्या.

"तात्या, पान्याची अडचन हाय," गोकुळराव टेकता टेकता म्हणाले.

"मी पानाड्या न्हाय," तात्यांनी सवयीनं सांगितलं.

हे त्यांना वरचेवर सांगावं लागायचं. जन्मभर पाण्याचं काम केलं एवढंच लोकांना ठाऊक. त्यामुळे बोअर घ्यायची झाली की तळहातावर नारळ धरून रानातून चालणारा आणि नारळ उभा राहील तिथं पाणी सांगणारा हाच तो माणूस, अशी गावाची पक्की समजूत. एकदोघांनी तर तात्या नुसते बांधावर लघवीला उभे राहिले त्या जागी बोअर घेतली होती. एकीला पाणीही लागलं. तेव्हापासून समजूत हलवणं अशक्य झालं.

"पानाड्या नगंच हाय. पानी रग्गड हाय. पर वाईट हाय."

तात्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "किती वाईट?"

"तुरीची डाळ सकाळी चुलीवर चढवली तर सांजच्याला तशीच टकामका बघतीय. साबन लावावा तर फेस न्हाय. पाव्हन्यांनी अंघूळ केली की केसाचा काथ्या हुतो."

"आरारारा," तात्या म्हणाले. वैद्याला दुर्मीळ रोग सांगितला की आनंद लपवावा लागतो, तसा त्यांनी तो लपवला. "अन् ह्ये पानी इंजनात घालनार तुमी?"

"मग? इंजनाला काय डाळ शिजवायचीय?"

"गोकुळराव, तुमच्या घरात पानी तापवायचा बंब हाय का?"

"व्हता. तांब्याचा. मोडीत घातला."

"का?"

"तापंनाच. आत ह्यो एवढा पांढरा थर."

"इंजन म्हंजी आडवा पाडलेला बंबच. मधी जाळ, भवतीनं पानी. खाऱ्या पान्याचा थर बसला की जाळाची आच पान्याला लागत न्हाय, लागती ती पत्र्याला. पत्रा लाल हुतो. अन् मग..."

"मग?"

"बंब मोडीत घालता येतो. इंजन सोताच मोडून चार गावात वाटनी करतंय."

गोकुळरावांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांसमोर म्हाळसाबाईंच्या नावाचे तुकडे चार गावांत पडलेले दिसू लागले असावेत.

"उपाय हाय?"

"हाय की. धुन्याचा सोडा मापात घातला की खार दगडावानी चिकटत न्हाय, मऊ गाळ हुतो. गाळ तळाला बसतो. खालची तोटी सोडली की भायेर. वर बाभळीच्या सालीचा काढा घालायचा, म्हंजी ऱ्हायलेला पत्र्याला धरत न्हाय. रोज पानी बगायचं. एवढंच."

"तुमीच या," गोकुळराव म्हणाले. "अन् उद्घाटनाला तुमचा जाहीर सत्कार. रविराजदादांच्या हस्ते. फ्लेक्सवर फोटो."

घरात फुलाबाई भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

"आता त्याची काय गरज हाय?" तात्या म्हणाले. सत्काराला होकार देताना हेच वाक्य म्हणायची पद्धत आहे.

त्या दिवसापासून तात्या रोज सकाळी मोपेडवरून पणदऱ्याहून बारामतीला वळसा घालून इंदापूर रोडला जाऊ लागले. डिकीत लहान लहान बाटल्या. पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात थेंब सोडायचे, लालाचा निळा होईपर्यंत मोजायचं. पुण्याच्या पाहुण्यांना हे होमिओपॅथी वाटायचं. बाभळीच्या सालीचा काढा उकळायला लागल्यावर तर आसपासच्या वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या लोटा घेऊन येऊ लागल्या. "इंजनाला चालतो तर गुडघ्याला का चालत न्हाय?" या प्रश्नाला तात्यांकडं शास्त्रीय उत्तर नव्हतं.

इंजिनाचा ड्रायव्हर रामहरी. वय पस्तिशीचं, आधी उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टरला त्यानं बसवलेल्या हॉर्नमुळे दोन लग्नांतल्या मंगलाष्टका बंद पडल्या होत्या, म्हणून इंजिनाच्या शिट्टीसाठी तोच योग्य माणूस, असं गोकुळरावांना वाटलं. रामहरी मनानं सोन्यासारखा. त्याचा एकच दोष होता. तो सांगितलेलं काम मन लावून करायचा आणि त्यात स्वतःच्या पदरची थोडी भर घालायचा.

पंधरवड्यात तात्यांनी पाणी असं वळणावर आणलं की बघत राहावं. काचेच्या नळीत बॉयलरातली पातळी दिसते, तिथं पाणी साधूसारखं स्थिर. वाफ कोरडी, खणखणीत. शिट्टी इंदापूरच्या दिशेला सोडली की वाऱ्याबरोबर लांब लांब जायची. त्या पाण्यात सारजा नावाच्या स्वयंपाकिणीनं गुपचूप डाळ शिजवून बघितली. तिचं पिठलं झालं.

"सत्काराला नववारी नेसू का सहावारी?" फुलाबाईंनी विचारलं.

"माझा हाय का तुझा?"

"म्या एवढी वर्सं ऐकून घेतलं ते कुनाचं व्हतं?"

नववारी ठरली.

उद्घाटनाच्या रविवारी तात्या पहाटेच केंद्रावर आले. रामहरीनं जाळ पेटवला होता. मांडवाशेजारी फ्लेक्स उभारायचं काम चालू होतं. मध्यभागी रविराजदादा, हात जोडलेले, ढगांतून उतरत असलेले. दादा नुकतेच सभापती झाले होते. कशाचे ते फ्लेक्सवर बारीक अक्षरात होतं. त्यांच्या उजव्या खांद्याजवळ गोकुळराव, डाव्या खांद्याजवळ इंजिन. आणि खालच्या कोपऱ्यात एक रिकामा गोल. गोलाखाली लिहिलं होतं, 'सत्कारमूर्ती : सुप्रसिद्ध पाणाडे मा. झुंबरतात्या फडतरे'.

"पाणाडे?" तात्या म्हणाले.

"तात्या, फ्लेक्सवाल्याला म्या जलरसायन का काय ते सांगितलं व्हतं," गोकुळराव म्हणाले. "तो म्हनला, लोकांना कळंल आसं लिवू. पर अडचन येगळीच हाय. तुमी दिलेला फोटो लायसनवरचा. मोठा केला तर तोंड दिसंना, नुसता शिक्का दिसतोय. दुसरा द्या. आत्ता जाऊन बारामतीत काढून आला तर हितं वरनं चिकटवू. न्हायतर गोल रिकामा ऱ्हायील."

'पाणाडे' गिळता आलं असतं. रिकामा गोल तात्यांना गिळता येईना. आयुष्यभर ते तोच होते. त्यांनी इंजिनाकडं बघितलं, टाकीकडं बघितलं. टाकीत आजचा सोडा पडायचा होता, आणि तो त्यांनी आजवर दुसऱ्याच्या हातानं कधी पडू दिला नव्हता.

"रामहरी," ते म्हणाले, "खोलीत धुन्याच्या सोड्याचा डबा हाय. त्यातलं एक भांडं टाकीत सोड. एकच."

"एकच," रामहरी म्हणाला.

तात्यांनी मोपेडला किक मारली. ही त्यांच्या आयुष्यातली पहिली अशी गैरहजेरी, आणि तिचं कारण फोटो होतं. स्टुडिओवाल्यानं त्यांना कोट घातला. हनुवटी वर करायला लावली. "हसा थोडं," म्हणाला. तात्यांनी प्रयत्न केला. फोटोत ते कुणाच्या तरी तेराव्याला बळेबळे जेवत असल्यासारखे दिसत होते, पण दिसत होते.

परत आले तेव्हा मांडव भरला होता. पहिल्या रांगेत फुलाबाई नववारीत बसल्या होत्या; शेजारच्या बाईला त्या 'आमच्यांचा सत्कार' हे शब्द दुसऱ्यांदा सांगत होत्या. फोटो गोलात चिकटला. रविराजदादा आले. दादांचे कपडे एवढे पांढरे आणि एवढ्या कडक इस्त्रीचे होते की बसताना ते आधी दोन ठिकाणी मोडले आणि मग दादा बसले.

कार्यक्रम असा होता : आधी दादांनी नारळ फोडायचा, मग पहिल्या डब्यात बसून एक फेरी मारायची, आणि फेरीवरून उतरून सत्कार करायचा. दादांना पहिल्या डब्यात, इंजिनाच्या लगेच मागं बसवलं. डब्याला छप्पर नव्हतं, कारण छप्पर असतं तर दादा दिसले नसते.

तात्या इंजिनावर चढले. त्यांनी सवयीनं काचेच्या नळीकडं बघितलं. पाणी होतं तिथं होतं. फक्त जरा दुधाळ वाटलं. ते वाकून बघणार तेवढ्यात निवेदकानं माइकमधून "झेंडा!" म्हणून आरोळी ठोकली, आणि रामहरीनं वाफ सोडली.

इंजिन हललं. म्हणजे हललं खरं, पण आवाज नेहमीचा आला नाही. नेहमी ते 'झुक' म्हणायचं. आज 'गळप' म्हणालं. मग पुन्हा 'गळप'. धुराड्यातून धुराबरोबर एक पांढरा, गुबगुबीत गोळा बाहेर पडला, हवेत तरंगला, आणि कापसाच्या बोंडासारखा सावकाश मागं गेला. तो दादांच्या मांडीवर उतरला. त्याच्या पाठोपाठ दुसरा निघाला. मग गोळे वेगवेगळे ओळखू येईनात. गुऱ्हाळात काहिलीला उधाण येतं तसा धुराड्याच्या तोंडातून फेस येऊ लागला. चाकांजवळच्या तोट्यांमधून फेस, खालच्या सांध्यांतून फेस. रामहरीनं घाबरून शिट्टी ओढली. शिट्टी वाजली नाही. तिनं बुडबुडे काढले.

आणि सगळ्या वाफेला लिंबाचा वास येत होता.

तात्यांना सगळं एका क्षणात कळलं. त्यांनी झडप घालून वाफ बंद केली.

"रामहरी! सोडा कंचा टाकला?"

"धुयाचा! तुमीच म्हनला व्हता!"

"डब्यातला?"

"डब्यातल्याचा दगुड झाला व्हता तात्या! वल धरली व्हती. म्हटलं आज दादा येनार, शिळा सोडा कशाला? दुकानातनं ताजा आनला. दुकानदार म्हनला, खायाचा का धुयाचा? म्या म्हनलं, धुयाचा. तेनं निळा पुडा दिला."

इथं सोडा या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. तात्यांच्या खात्यात धुण्याचा सोडा म्हणजे पांढरी, बिनवासाची, फेस न करणारी भुकटी. आणि बारामती असो की इंदापूर, कुठल्याही घरात 'कापडं सोड्यात भिजव' म्हटलं की बाई जी पावडर बादलीत टाकते, तिलाही सोडाच म्हणतात. दुकानदार चुकला नव्हता. रामहरी चुकला नव्हता. तात्याही बोलण्यात चुकले नव्हते. मराठी भाषा तेवढी सगळ्यांना पुरून उरली होती.

"भांडं एकच टाकलं ना?"

रामहरीनं मान खाली घातली. "एक भांडं... तुमच्या नावाचं. अन् एक माझ्याकडनं. उद्घाटनाचं."

आणि त्यात, तात्यांनी पंधरा दिवस झटून ते पाणी असं मऊ केलं होतं की त्यात नुसता साबण दाखवला असता तरी फेस आला असता.

काचेच्या नळीत आता वरपासून खालपर्यंत नुसता फेस. पाणी किती आहे हे कळायला मार्ग नाही. पाणी खाली गेलं असेल आणि जाळ तसाच असेल, तर वरचा पत्रा उघडा पडायचा. ताजं पाणी आत घ्यावं, तर टाकीतलं पाणीही त्याच सोड्याचं. पण तात्यांच्या हातांना सवय होती.

"जाळ काढ!"

"आत्ता? दादा बसल्यात!"

"दादा बसल्यात म्हनूनच काढ!"

दोघांनी लोखंडी दाताळ्यानं पेटते निखारे खाली ओढले आणि त्यांवर वाळूच्या पाट्या उलट्या केल्या. गाडी चार हात घरंगळून मांडवासमोरच थांबली. दाब पुरता उतरल्यावर तात्यांनी उसाच्या बाजूची, जिकडं कुणी नव्हतं तिकडची, खालची तोटी उघडली. ऊस कमरेपर्यंत पांढरा झाला. तात्या धुरकटलेल्या सदऱ्यात खाली उतरले आणि पायरीवरच बसले. त्यांना वाटलं, संपलं. आता आयुष्यभर जे कधी झालं नाही ते होणार, सगळ्यांना पाण्यावाला आठवणार.

सगळे पहिल्या डब्याकडं बघत होते. डब्यात फेसाचा एक ढीग बसला होता. ढिगाला मिश्या होत्या.

गोकुळराव जागच्या जागी वाळून गेले. पण रविराजदादा पुढारी होते, आणि पुढाऱ्याला दोन गोष्टी लगेच दिसतात : एक, समोर किती माणसं आहेत; दोन, त्यांतल्या कितींच्या हातात मोबाइल वर धरलेले आहेत. दादांनी तोंडावरचा फेस पुसला, हात जोडले आणि गडगडून हसले.

"विरोधक म्हनत्यात माझी प्रतिमा स्वच्छ न्हाय," ते उभे राहून म्हणाले. "आता सांगा!"

मांडव कोसळायचा राहिला. पोरं धावली, बाया धावल्या, पुण्याचे पाहुणे बूट काढून धावले. उसाच्या कडेला लोक फेसात लोळू लागले. सारजा पदरात फेस भरून दुसऱ्या बाईच्या मागं पळत होती. म्हाळसाबाई आपल्या नावाच्या इंजिनाकडं प्रथमच कौतुकानं बघत होत्या. लिंबाचा वास त्यांना आवडलेला दिसला.

"कल्पना कुनाची ही?" दादांनी विचारलं.

गोकुळरावांचा जीव परत आला होता आणि आल्या आल्या कामाला लागला होता. "झुंबरतात्यांची!" ते ओरडले. "आमी त्यास्नी त्याच्यासाठीच आनलंय!"

तात्यांना दोघांनी काखेत धरून स्टेजवर नेलं. निवेदक म्हणाला, "सर्वांना माहीत असलेले प्रसिद्ध पाणाडे, पण आज त्यांनी पाण्यातून फेस काढला!" दादांनी ओल्या हातांनी शाल घातली, नारळ दिला. टाळ्या थांबेनात. तात्यांनी माइक हातात घेतला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती; खात्यात तशी सोय नव्हती.

"मंडळी," ते म्हणाले, "ह्यो फेस म्या काढल्याला न्हाय."

टाळ्या.

"ही चूक हाय. बॉयलरात फेस हुनं ही लय वाईट गोष्ट हाय. आज आपन थोडक्यात वाचलो."

"केवढा विनय!" निवेदक दुसऱ्या माइकमधून म्हणाला. टाळ्या आणखी वाढल्या. मागून कुणी तरी शिट्टी मारली.

"आवो, म्या जन्मभर फेस हुऊ नये म्हनूनच..." तात्या बोलत होते, तेवढ्यात बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. पहिल्या रांगेत फक्त फुलाबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या, आणि ते तोंड गोलातल्या फोटोपेक्षाही वाईट झालं होतं.

घरी आल्यावर शाल खुंटीला लागली. येणारे-जाणारे बघत होते. डेअरीचा चेअरमन येऊन हात लावून गेला. तात्या ओसरीवर बसून होते.

"घ्या की पांघरून," फुलाबाई म्हणाल्या. "गार वारं सुटलंय."

"टोचतीय."

"लोकर हाय. टोचनारच."

"लोकर न्हाय टोचत."

फुलाबाईंनी शाल खुंटीवरून काढून तिची घडी घातली. मग म्हणाल्या, "म्हशीचा हार बरा म्हनायचा. तिनं खाऊन तरी टाकला."

दुसऱ्या दिवशी तात्या केंद्रावर गेले ते बॉयलर धुवायच्या तयारीनं. गोकुळराव फाटकातच भेटले. फोन कानाला होता, दुसरा वाजत होता.

"तात्या! पुढचे चारी रविवार फुल्ल! शंभर ठिकानी फिरलाय व्हिडिओ. आता दर रविवारी फेस!"

"फेस बंद."

"आसं कसं? फ्लेक्स छापाय टाकलाय. 'फेसवाली म्हाळसा'. तुमचा फोटो मधी. दादांपेक्षा मोटा."

मोठा म्हटल्यावर तात्यांना क्षणभर मोह झाला. नाही म्हणणं खोटं ठरेल.

"गोकुळराव, नळीत फेस आसला की पानी दिसत न्हाय. पानी दिसत न्हाय म्हंजी आपन आंधळे. काल जाळ काढला म्हनून दादा घरी गेले."

"थोडा कमी टाकू. निम्मा पुडा."

"न्हाय."

"पाव? बिनवासाचा?"

"गोकुळराव, बॉयलरात काय मसाला घालतोय का आपन, चवीपुरता?"

"मग लोकांना दावू काय? कोरडी वाफ? कोरड्या वाफेत काय बगायचंय?"

"काय न्हाय," तात्या म्हणाले. "कायबी बगायचं न्हाय."

त्यांनी मोपेडच्या डिकीतून कागदात बांधलेली शाल काढली. वर नारळ ठेवला, आणि दोन्ही गोकुळरावांच्या हातात दिलं.

"ह्ये फेसाचं हाय. फेस माझा न्हाय. माझं पानी हाय, तेवढं माझ्या ताब्यात ऱ्हाऊ द्या. टाकीला कुलूप लावतो, किल्ली माझ्यापाशी. फेस पायजे आसंल तर लग्नात नवरा-नवरी येताना उडवत्यात ते मशीन आना, मागच्या डब्यावर बसवा, अन् काय उडवायचं ते उडवा. पर बॉयलरच्या पान्याला हात लावायचा न्हाय."

गोकुळराव शाल हातात घेऊन उभे राहिले. सत्कार परत आलेला त्यांनी आजवर बघितला नव्हता. तो कुठं ठेवायचा असतो हे त्यांना कळेना. पण मशीन हा शब्द त्यांच्या कानातून डोक्यात उतरला, आणि बघता बघता चेहरा उजळला.

"मागच्या डब्यावर! म्हंजी सगळ्यास्नीच मिळंल! पर तात्या, फ्लेक्सवर फोटो कुनाचा? छापाय टाकलाय. शाल बी हाय. पुढच्या रविवारी सत्कार तर कुनाचा तरी व्हायाच पायजे, लोक त्याच्यासाठी येत्यात."

तात्यांनी इंजिनाकडं बघितलं. रामहरी चाकाखाली उकिडवा बसून, बादली घेऊन फेसाचं सुकलेलं पांढरं खरवडत होता. कालपासून तो कुणाशी बोलला नव्हता. नोकरी गेली असं धरूनच आलेला दिसत होता, कारण जेवणाचा डबा आणला नव्हता.

"रामहरीचा करा," तात्या म्हणाले.

गोकुळरावांना कुणाचाही चालणार होता. ते फ्लेक्सवाल्याला फोन लावत निघून गेले. रामहरी बादली ठेवून उठला, हात पुसत जवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

"तात्या," तो हळूच म्हणाला, "माझा सत्कार? पर मला स्टेजवर इच्यारलं, तू काय केलंस, तर काय सांगू?"

"काय बी सांगू नगंस," तात्या बॉयलरची खालची झाकणं उघडायला पाना घेत म्हणाले. "सत्कारात ते कुनी इच्यारत न्हाय."